काय काय उचलून ठेवू?

"टीव्ही उचलायला सांग त्यांना."

मॅडम हे मला इंग्रजीत म्हणाल्या. मी ते मराठीत पप्पांना सांगितलं.

पप्पा आमच्या घराच्या दारात उभे होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन. त्यांना वाटलं, टीव्ही कॅमेऱ्याच्या वायरींना अडतोय. "हां हां, सरकवतो की," म्हणाले आणि त्यांनी टीव्ही वीतभर बाजूला केला. मॅडम हसल्या. चांगलं हसल्या. मग परत माझ्याकडे वळल्या.

"सरकवायचा नाही. तो दिसायलाच नको. बघणाऱ्यांना वाटेल, यांच्याकडे तर सगळंच आहे."

मॅडम पुण्याच्याच. नारायण पेठेत वाढलेल्या. त्यांचं मराठी माझ्याहून शुद्ध. तरी ही असली वाक्यं त्या माझ्या तोंडून पाठवत होत्या. मी नववीत होते. मला ते तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, माझं इंग्रजी चांगलं झालंय म्हणून मला मान देतायत.

माझी शाळा शहराबाहेर टेकडीवर होती. निवासी. देशोदेशीची मुलं तिथे शिकायला यायची. मी आठवीपासून तिथे शिष्यवृत्तीवर होते. दर हिवाळ्यात शाळेचे माजी विद्यार्थी जमायचे. कुणी दुबईहून, कुणी लंडनहून. त्याच मेळाव्यात पुढच्या वर्षाच्या शिष्यवृत्त्यांसाठी देणग्या जमा व्हायच्या. आणि देणग्या जमाव्यात म्हणून दर वर्षी आमच्यातल्या एकाच्या घरची फिल्म दाखवायचे. त्या वर्षी माझी पाळी होती. माजी विद्यार्थ्यांचं ऑफिस मॅडम सांभाळायच्या. त्यांनी मला बोलावून सांगितलं होतं, "फिल्म छान झाली ना, की तुझं बारावीपर्यंतचं नक्की समज."

मी घरी फोन केला. शाळेची माणसं आपल्या घरी येणार आहेत, फोटो काढायला.

आता शाळेची माणसं घरी येणार म्हटल्यावर विश्रांतवाडीतला माणूस काय करणार? पप्पांनी भिंत रंगवली. आधी हिरवी होती, ती बदामी केली. काचेच्या कपांचा नवा सेट आणला. आईनं गादीवर घालायला ठेवणीतली चादर काढली. फ्रिज नव्हता आमच्याकडे, पण टीव्ही होता. पप्पा बुधवार पेठेत एका इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दुरुस्तीचं काम करतात. हा टीव्ही एका गिऱ्हाइकानं बिघडला म्हणून टाकून दिला होता. पप्पांनी तो घरी आणला, कित्येक महिने एकेक पार्ट मिळवून जोडला. ज्या दिवशी चालू झाला त्या दिवशी सगळी गल्ली आमच्या खोलीत होती. आई त्याच्यावर विणलेलं कव्हर घालते. अजूनही.

तो टीव्ही पप्पांनी आणि कॅमेरावाल्या दादानं उचलला आणि शेजारच्या शमाचाचींच्या घरात नेऊन ठेवला. चाची दारात येऊन बघत राहिल्या. "क्या हुआ भाभी, घर खाली कर रहे क्या?"

आई म्हणाली, "न्हाई वो. शूटिंग हाय."

"शूटिंग में सामान लाते हैं ना? तुम तो निकाल रहे."

आई हसली. मीही हसले. तेव्हा ते हसण्यासारखंच वाटलं.

मग काचेचे कप गेले. चादर गेली. आई जिच्यावर साड्यांना फॉल-पिको करून देते, ती शिलाई मशीन मॅडमना आवडली. "ही राहू दे. ही छान आहे. फक्त मोटर बंद करून त्यांना पायानं चालवायला सांग."

आईनं मी सांगायची वाट बघितली नाही. म्हणाली, "ह्याला पायडलच न्हाई, मॅडम. पाय कुठं मारू?"

सगळे हसले, मॅडमसुद्धा. मॅडम वाईट नव्हत्या. हेच मला लिहिताना अवघड जातंय. त्यांनी आईच्या हातचे पोहे आवडीनं खाल्ले, परत मागून घेतले. जमिनीवर मांडी घालून बसल्या. जाताना आईला नमस्कार केला. वाईट असत्या तर मला आधीच कळलं असतं.

मग भिंतीवरची तसबीर.

निळा कोट, चष्मा, हातात पुस्तक. माझ्या आजोबांनी आणलेली. कुणाची, ते सांगायला नको. ती आजोबांनी चारी कोपऱ्यांत स्क्रू मारून भिंतीत पक्की बसवली होती. रंग देताना पप्पांनी तीच एक गोष्ट हलवली नव्हती. कडेकडेनं ब्रश फिरवला होता.

मॅडम तिच्याकडे बघत राहिल्या. मग माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "मला स्वतःला काही प्रॉब्लेम नाही हं. पण डोनर्स सगळ्या प्रकारचे असतात."

हे वाक्य मला मराठीत आणता येईना. इंग्रजी सोपं होतं. मराठीत तोंड उघडत नव्हतं. मी नुसती पप्पांकडे बघत राहिले. आणि पप्पांना कळलं. त्यांनी कामाच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर काढला. खुर्चीवर चढले. एकेक स्क्रू काढून शर्टाच्या खिशात टाकला. तसबीर खाली उतरवली आणि ती हातात घेऊन तसेच उभे राहिले. कुठे ठेवायची, कळेना. खाली ठेवता येईना. शेवटी आईनं ती आपल्या साडीत गुंडाळली आणि तीही शमाचाचींकडे गेली. या वेळी चाचींनी काही विचारलं नाही.

बदामी भिंतीवर हिरवा चौकोन उरला.

"इथे कॅलेंडर वगैरे लावू का?" मी विचारलं.

कॅमेरावाला दादा म्हणाला, "राहू दे. टेक्स्चर मस्त आलंय."

शेवटी पप्पांचा शर्ट. मॅडम म्हणाल्या, रोजचे कपडे घालायला सांग. मी सांगितलं. पप्पा म्हणाले, "हे रोजचेच आहेत. मी कामाला असाच जातो." आणि ते खरंच होतं. दुकानात गिऱ्हाइकं येतात म्हणून पप्पा रोज इस्त्री करून जातात.

"मग घरात कसे असतात, विचार."

घरात सगळे कसे असतात? उन्हाळ्यात मॅडमचे वडील कसे असत असतील? पण मी विचारलं. पप्पांनी शर्ट काढला. बनियनवर, मोकळ्या खोलीत, हिरव्या चौकोनाखाली त्यांना बसवलं. दादा म्हणाला, "कॅमेऱ्याकडे बघू नका, काका. खाली बघा. तुमच्या मुलीचा विचार करा."

पप्पांनी खाली बघितलं.

मेळाव्याच्या दिवशी शाळेत रोषणाई होती. माजी विद्यार्थी आपापल्या बॅचचे टी-शर्ट घालून एकमेकांना मिठ्या मारत होते. जुन्या हॉस्टेलच्या खोल्यांत जाऊन फोटो काढत होते. सुट्टी असल्यामुळे बाकीची मुलं घरी गेली होती. थांबलो होतो फक्त आम्ही, शिष्यवृत्तीवाले, आणि आम्हाला गणवेश घालायला सांगितला होता. सुट्टीच्या दिवशी गणवेशातल्या मुलांकडे बघून कुणालाही कळत होतं.

आई-पप्पांना बोलावलं होतं. पप्पा तोच पांढरा शर्ट घालून आले. त्यांना मागच्या रांगेत जागा होती.

अंधार झाला. मोठ्या पडद्यावर आमची खोली आली. मी ती ओळखली नाही. खरंच, क्षणभर मला वाटलं, ही कुणा दुसऱ्याची फिल्म आहे. रिकामी जमीन. मशीनसमोर बसलेली आई, हात न हलवता. आणि मग पप्पा. बनियनवर. मान खाली. दोन माणसांएवढे मोठे. डोक्यावर हिरवा चौकोन. मागून वाजणारी बासरी.

हॉलभर हळहळ पसरली. मी मागे वळून पप्पांना शोधत होते, पण अंधारात फक्त पांढरा शर्ट दिसत होता.

दिवे लागले. मला स्टेजवर बोलावलं. मला चार ओळी पाठ करायला दिल्या होत्या, इंग्रजीत. पहिल्या दोन आभाराच्या. तिसरी अशी होती, की आमच्या घरात टीव्ही नव्हता, या शाळेनं मला जगाची खिडकी उघडून दिली.

दोन ओळी म्हटल्या. तिसरीला माझी नजर मागच्या रांगेत गेली. आता दिवे होते. पप्पा ताठ बसले होते, हात मांडीवर. इंग्रजी त्यांना थोडंफार कळतं. टेलिव्हिजन हा शब्द तर कळतोच. आयुष्य त्यात गेलंय.

मी थांबले. हॉल थांबला. मग मी मराठीत म्हणाले, "आमच्या घरात टीव्ही आहे. माझ्या पप्पांनी स्वतः दुरुस्त केलाय."

एवढंच मला जमलं. मला वाटलं, आता काहीतरी होईल. मला खाली उतरवतील. शिष्यवृत्ती जाईल.

ज्यांना मराठी येत होतं ते आधी हसले. प्रेमानं. मग त्यांनी शेजाऱ्यांना अर्थ सांगितला आणि ते हसले. मग टाळ्या. खूप टाळ्या. मॅडमनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, माइक घेतला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "बघा, किती निरागस आहे."

काहीही झालं नाही. मी नकार दिला होता आणि त्यांना तो गोड लागला.

जेवण लॉनवर होतं. आई-पप्पा ताटं घेऊन एका कडेला उभे होते, मी त्यांच्याजवळ. एक गृहस्थ आले, बॅचच्या टी-शर्टमधले, माझ्या पप्पांच्याच वयाचे. पप्पांकडे निरखून बघत म्हणाले, "अहो, तुम्हीच ना ते फिल्ममधले? कपड्यांत ओळखलंच नाही."

आणि हसले. त्यांच्या शेजारचे दोघे हसले.

पप्पाही हसले. म्हणाले, "हो, मीच."

गृहस्थांनी हात पुढे केला. पप्पांनी ताट डाव्या हातात घेऊन हात मिळवला. आईनं हातातला घास परत ताटात ठेवला.

मी त्यांना गेटपर्यंत सोडायला गेले. पप्पा म्हणाले, "जेवण चांगलं होतं." थोडं चालल्यावर म्हणाले, "टीव्हीचं बोलायला नको होतंस. शिकवतायत ती माणसं तुला."

शिष्यवृत्ती गेली नाही. मी बारावीपर्यंत तिथेच शिकले. पप्पा त्यानंतर कधी शाळेच्या आत आले नाहीत. सुट्टीत न्यायला यायचे तेव्हा गेटबाहेर, रस्त्याच्या पलीकडे थांबायचे. निरोपसमारंभालाही आई एकटीच आली.

पुढच्या सुट्टीत घरी गेले तर टीव्ही जागेवर होता. कप होते, चादर होती. भिंतीवर हिरवा चौकोन तसाच. मी विचारलं तर पप्पा म्हणाले, "बसवतो. स्क्रू खराब झालेत." ज्या माणसाच्या पिशवीत स्क्रूंची अख्खी डबी असते, तो हे म्हणत होता. आई मला स्वयंपाक करता करता हळूच म्हणाली, "इचारू नको त्येंना. स्वतःच्या हातानं काढलीया त्येंनी."

तसबीर कपाटावर होती. साडीत.

आता मी शहरातल्या एका कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजला गेलेली पहिलीच. मागच्या महिन्यात माझी एक मैत्रीण घरी येणार होती. साधी मुलगी, वर्गातली. आदल्या संध्याकाळी पप्पा कामावरून आले, चपला काढल्या, आणि खोलीभर नजर फिरवून मला अगदी सहज म्हणाले, "उद्या ती येणार ना? काय काय उचलून ठेवू?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं. ते खरंच विचारत होते. स्वतःच्या घरात, स्वतःच्या मुलीला. कुणी माणूस येणार म्हणजे आपल्यातलं काहीतरी काढून ठेवायचं असतं, हे ते शिकले होते. आणि शिकवलं होतं माझ्या तोंडानं. वाक्यं मॅडमची, भाषा माझी.

मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले. फार वेळ.

त्याच आठवड्यात मॅडमचा मेसेज आला. माझी फिल्म अजूनही सगळ्यांची आवडती आहे, यंदाही सुरुवातीला दाखवणार आहेत. आणि एक छोटंसं काम आहे. लोहगावात एक मुलगी आहे, यंदा आठवीत आलेली. तिच्या घरचे शूटिंगला तयार होत नाहीयेत. "तू जाऊन समजाव. तू त्यांच्यातलीच आहेस, तुझं ऐकतील."

मी मेसेज खूप वेळा वाचला. मग कपाटावरची तसबीर साडीतून सोडवली, पप्पांच्या पिशवीतून स्क्रू ड्रायव्हर आणि चार स्क्रू घेतले. खुर्चीवर चढले. पप्पा पलंगावर बसून बघत होते.

"कोण येणार आहे?"

"कुणी नाही."

"मग आत्ता कशाला?"

मी पहिला स्क्रू मारायला घेतला. मला स्क्रू नीट मारता येत नाहीत. तिसऱ्याला हात सटकला. पप्पा उठले, माझ्या हातातून ड्रायव्हर घेणार असं वाटलं. त्यांनी घेतला नाही. नुसती खुर्ची धरली. मान वर करून तसबिरीकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. अजून बघत नाहीत. ती थोडी वाकडी बसलीय, वरून बोटभर हिरवं दिसतं. मी ते झाकणार नाही.

मॅडमना मी मराठीत लिहिलं. त्यांना चांगलं येतं. "माझ्या वडिलांची फिल्म यापुढे कुठेही दाखवायची नाही. दाखवलीत तर त्या हॉलमध्ये मी उभी राहीन, आणि या वेळी एका वाक्यावर थांबणार नाही."

रविवारी मी लोहगावला जाणार आहे. त्या मुलीच्या घरी, कॅमेऱ्याच्या आधी. शिष्यवृत्ती घे म्हणणार आहे, ती तुझ्या मार्कांची आहे. आणि तिच्या आईवडिलांना सांगणार आहे, की तुमच्या घरातली एकही वस्तू जागची हलवू नका. कुणी उचलायला सांगितलं तर त्यांना म्हणा, ते आम्हाला आमच्या भाषेत, आमच्या तोंडावर सांगा. मुलीला मध्ये घालू नका.

ते त्या आईवडिलांना लगेच नाही जमणार. जमेपर्यंत मी त्यांच्या दारात बसून राहीन.