सोलरवरच्या वड्या आणि परमजीतचं तळं

काही नोकऱ्यांत पगार साठतो, आमच्या नोकरीत किस्से साठले! एअर फोर्समधल्या नवऱ्याची बदली झालीय. एयरोसिटीतल्या फ्लॅटमध्ये खोकी बांधतेय आणि सारखं सेक्टर १७मधलं आमचं छोटंसं ऑफिस आठवतंय. काम काय, तर झिरकपूरपलीकडच्या पंजाबी गावांत बायकांना घरामागच्या तळ्यात मासे पाळायला शिकवायचं, तेही वाढत्या उन्हाळ्यात तगतील असे.

*

पहिल्याच ट्रेनिंगला खुर्च्या गच्च भरल्या. सगळे पुरुष! मी म्हटलं, "ट्रेनिंग तो लेडीज के लिए है जी." पहिल्या रांगेतले मिशीवाले सरदारजी उठून म्हणाले, "मॅडमजी, आज वाइफ मुझे ही समझो!"

*

माझी सहकारी सिमरन पक्की शाकाहारी. एकाने टोमणा मारला, "मच्छी खाती नहीं, पालना क्या सिखाओगी?"

"ट्रॅक्टर भी नहीं खाती, चला तो लेती हूँ!"

मी मालवणची. माझा डबा उघडला, की मात्र बाई खिडकीशी जाऊन बसायची. आता कोण बसणार तशी!

*

परमजीत आमची पहिली शिष्या. घरात तिचं म्हणावं असं ते तळंच. पण सासऱ्यांनी, बाऊजींनी, बजावलेलं, "गर्मी में एक भी मछली मरी, तो तालाब मिट्टी से भर दूँगा!" म्हणून आम्ही वर हिरवी जाळी ताणली आणि पाण्यात हवा सोडणारं सोलरवरचं मशीन बसवलं.

ऐन जूनमध्ये मशीन बंद! मासे वर येऊन तोंडं उघडताहेत, परमजीत रडकुंडीला आलेली. धावत गेलो, तर सोलर पॅनेलवर सासूबाईंनी उडदाच्या वड्या वाळत घातलेल्या!

"धूप के लिए ही तो लगाया है ना?"

वड्या काढल्या, मशीन घरघरलं, मासे वाचले. निघताना सासूबाईंनी त्याच वड्या आम्हाला बांधून दिल्या. काय चव होती!

*

गेल्या आठवड्यात निरोप घ्यायला गेले, तर परमजीत माहेरी गेलेली. दारात मासळीचा व्यापारी जाळं घेऊन उभा. आजवर सौदा बाऊजींशीच व्हायचा, परमजीत ओढणी ओढून दाराआड.

"बाऊजी, तालाब आपका. हाँ बोलो, जाल डालता हूँ."

बाऊजी खाटेवरून उठलेसुद्धा नाहीत.

"मालकिन मायके गयी है. कल आना."