औंढ्याच्या रस्त्यावरचे खिळे

परभणीच्या लॉजवरून आम्ही सकाळी आठला निघालो. आम्ही म्हणजे मी आणि माझी शहात्तर वर्षांची आई. आदल्या दिवशी मी साताऱ्याहून दिवसभर गाडी चालवत इथवर आले होते. हिंगोली जिल्ह्यातलं पुसेगाव, म्हणजे आईचं माहेर, आता दोन-अडीच तासांवर राहिलं होतं.

जायचं कारण साधं नव्हतं. आईची धाकटी बहीण गयामावशी पुसेगावातच दिलेली. नऊ वर्षांपूर्वी मावशीचे यजमान गेले, तेव्हा आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. ती जाऊ शकली नाही. मावशीनं ते मनाला लावून घेतलं. आधी फोनवरचं बोलणं तुटक झालं, मग फोनच थांबले. गेल्या आठवड्यात मावशीच्या सुनेचा, शोभाचा, फोन आला. मावशीच्या हृदयाची झडप बदलायची होती. नांदेडच्या दवाखान्यात दुपारी दाखल व्हायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन.

"तुमी येऊन राहिल्या हे मी आत्याबाईंना सांगितलं न्हाई," शोभा म्हणाली होती. आत्याबाई म्हणजे तिची सासू. "सांगितलं तर न्हाईच म्हणतील. आमची गाडी अकराला निघते. त्याच्या आत दारात या. समोर माणूस दिसल्यावर काय बोलतील?"

त्यामुळे आई सकाळपासून घड्याळाकडे बघत होती. मांडीवर कंदी पेढ्यांचा डबा आणि त्यावर दोन्ही हात.

मार्चचा पहिला आठवडा होता. परभणी मागे पडल्यावर दोन्ही बाजूंना हळदीची काढणी दिसायला लागली. शेतांच्या कडेला लोखंडी पिंपांत हळकुंडं शिजत होती आणि वाफेचा ओला, मातकट वास काचा बंद असूनही आत येत होता. शिजलेली हळद मैदानांवर पसरली होती, नजर पोचेल तिथपर्यंत. जवळा बाजारला आठवडी बाजाराचा दिवस होता. टेम्पोतून मिरच्या आणि वांगी उतरत होती. आम्ही दहा मिनिटं थांबून चहा घेतला, गरम भजी बांधून घेतली. आईनं भज्यांना हात लावला नाही. "गयाला घशात घास अडकायचा लहानपणी," एवढंच म्हणाली.

जवळा बाजार सोडून औंढ्याच्या दिशेनं सात-आठ किलोमीटर गेलो असू. पुढच्या चाकातून टकटक असा आवाज यायला लागला. खडा अडकला असेल असं मला वाटलं. पण पाचच मिनिटांत स्टिअरिंग डावीकडे ओढू लागलं. कडेला घेऊन उतरले, तर पुढचं डावं चाक पार बसलेलं. त्यात एक नाही, तीन खिळे. चांगले दोन-अडीच इंची, गंजलेले. मागच्या डाव्या चाकात आणखी एक होता. त्यातून बारीक सूं असा आवाज येत होता.

पंक्चर झालेलं चाक बदलणं मला येतं. वडिलांनी शिकवलं होतं. पण इथे चाकं दोन आणि स्टेपनी एक. शिवाय नट इतके घट्ट, की पान्यावर सगळा भार टाकला तरी एकही हलेना. घड्याळात साडेनऊ वाजले होते. शोभाला फोन लावला, तो लागला नाही.

तेवढ्यात समोरून एक माणूस चालत आला. साठीचा, उंच, पांढरा सदरा, डोक्याला टॉवेल. त्याच्या हातात दोरी होती आणि दोरीच्या टोकाला भलं मोठं लोहचुंबक. ते तो रस्त्यावरून ओढत चालला होता. चुंबकाला खिळ्यांचा झुपका चिकटला होता. जुन्या कर्ण्यातलं ते चुंबक आहे, हे मला नंतर कळलं. आमच्या चाकाकडे लक्ष गेलं तसा तो जागीच थांबला.

"ताई, हे खिळे माझेच हायेत," तो म्हणाला.

मी हातातला पाना खाली ठेवला.

"सेंट्रिंगचं काम करतो मी. स्लॅबच्या फळ्यांचे जुने खिळे पोत्यात भरून मोटरसायकलवर नेऊन राहिलो होतो. पोतं खालून फाटलेलं. औंढ्याला पोचून बघतो तं निम्मं रिकामं." त्यानं डोक्यावरचा टॉवेल काढून तोंड पुसलं. "तवापासून येचत येऊन राहिलो. तुमच्या आधी एक रिक्षा सापडली. तुमाला लागलं तं न्हाई ना कुणाला?"

कुणाला लागलं नव्हतं. त्याला ते ऐकून इतकं हायसं वाटलं, की तो रस्त्याच्या कडेला मटकन बसला. खरं सांगते, मला राग आला होता. तोंडावर शब्द आले होते. पण ज्याला कुणी पाहिलं नव्हतं, कुणी पकडलं नव्हतं, तो उन्हात चार-पाच किलोमीटर वाकून चालत येऊन स्वतःच सांगत होता. त्याला काय बोलणार?

त्याचं नाव कोंडिबा. पान्यावर दोन्ही पाय ठेवून तो उभा राहिला, तेव्हा कुठे नट सुटले. पुढचं चाक काढून स्टेपनी बसवली. मी मागच्या चाकातला खिळा पकडीनं ओढायला गेले, तर त्यानं माझा हात धरला.

"त्याला काढू नका. खिळा हाय तवर हवा धरून ठेवतो. काढला की चाक बसलं. तसंच हळू चला. तांड्यावर कमलबाईचं दुकान हाय, दोन किलोमीटर." तांडा म्हणजे बंजारा समाजाची वस्ती. कोंडिबा मागच्या सीटवर बसला आणि आम्ही बैलगाडीच्या चालीनं निघालो.

कमलबाईंचं दुकान म्हणजे लिंबाच्या झाडाखाली पत्र्याची टपरी, एक हवेची मशीन आणि पाण्याची घमेली. कमलबाई चाळिशीच्या, पदर कमरेला खोचलेल्या. नवऱ्याला ट्रकवर जावं लागतं, म्हणून त्या दुकान बघतात आणि आता पंचक्रोशीत त्यांच्याच हाताला जास्त गिऱ्हाईक आहे, असं कोंडिबानं सांगितलं. त्यांनी मागचं चाक उतरवलं, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे पाहिले, खिळा उपसला, टोच्यानं भोक साफ केलं आणि रबराची चिकट वात आत सारली. दहा मिनिटांत काम. मग पुढचं फाटकं चाक उलटसुलट करून पाहिलं.

"ह्यातले दोन निघतील. तिसरा बगलंत लागला. तिथं वात टिकत न्हाई," त्या म्हणाल्या. "लावून देऊ शकते मी, पर रस्त्यात फुटलं तं? हे डिकीत टाका, गावी जाऊन टायर बदला. तीन चाकं धड हायेत, चौथी स्टेपनी. बराबर पोचाल, फकत फार पळवू नका."

अकराला दहा मिनिटं कमी होती. पुसेगाव अजून तासाभराच्या पुढे. शोभाचा फोन आता लागला. तिच्या आवाजामागे गाडीत सामान भरल्याचा गोंधळ ऐकू येत होता. मी काय झालं ते सांगितलं. ती रडकुंडीला आली. "दवाखान्यात दोनची वेळ दिलीया. थांबता येणार न्हाई, ताई. आन काहून थांबायचं म्हणून आत्याबाई विचारतील, तर काय सांगू?"

आईनं फोनकडे हात केला आणि परत घेतला. नऊ वर्षांनी फोनवर पहिला शब्द काय बोलायचा, हे तिला सुचत नव्हतं.

आम्ही कुठून, कशाला निघालोय ते येताना गाडीत मी कोंडिबाला सांगितलं होतं आणि आता हे सगळं तो ऐकत होता. त्यानं मला विचारलं, "मी बोलू का?" आणि मी हो म्हणायच्या आत फोन घेतला. "पोरी, तुझ्या सासूला दे जरा," त्यानं शोभाला सांगितलं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे मावशीचा थकलेला, खरखरीत आवाज आला, "कोण?"

"माय, मी कोंडिबा सेंट्रिंगवाला. तुमी मला वळखत न्हाई. तुमची बहीण तुमाला भेटाया साताऱ्याहून निघाली, कालपासून रस्त्यावर हाय. माझ्या पोत्यातले खिळे सांडले, त्यांच्या गाडीची दोन चाकं गेली. उशीर माझ्यामुळं झाला. त्यांचा काही दोष न्हाई. रागवायचं तं माझ्यावर रागवा."

हवेच्या मशीनची धडधड चालू होती. कमलबाईंनी ती बंद केली.

"अक्का हाय का तिथं?" मावशीनं विचारलं.

"हायेत. समोरच बसल्यात."

"तिच्या गुडघ्याला तकलीफ हाय. तिला दगडावर बसवू नका, बाजंवर बसवा," मावशी म्हणाली. "आमी वारंगा फाट्याला थांबतो म्हणावं. ती आल्याशिवाय मी पुढं जात न्हाई. डाक्टर थांबंल तासभर."

आईच्या हातातला पेढ्यांचा डबा तिरका झाला. तो मी धरला.

वारंगा फाटा त्यांच्या नांदेडच्या वाटेवरच होता; कोंडिबानं तिथे जायचा आतला रस्ता बोटानं मातीत काढून दाखवला. कमलबाईंनी चारही चाकांची हवा पुन्हा पाहिली. निघताना आईनं डबा उघडून दोघांच्या हातावर पेढे ठेवले. कोंडिबानं पेढा तोंडात टाकला, दोरी उचलली आणि राहिलेल्या खिळ्यांसाठी जवळ्याच्या दिशेनं चालायला लागला.

त्या आतल्या रस्त्यानं आम्ही पन्नासच्या पुढे गेलो नाही. पळस पेटल्यासारखे फुलले होते, पण माझं सगळं लक्ष डांबरावर. काळा ठिपका दिसला की पाय आपोआप ब्रेकवर जायचा. एकदा तर बाभळीच्या शेंगेसाठी गाडी थांबवली. आई तेव्हा सकाळपासून पहिल्यांदा हसली.

वारंगा फाट्यावर सव्वा वाजता पोचलो. ट्रकांच्या रांगा, टायरांची दुकानं आणि जिकडेतिकडे खिचडीच्या हॉटेलांतला फोडणीचा वास. एका हॉटेलाच्या दारात प्लास्टिकच्या खुर्चीवर मावशी बसली होती. मी ओळखलीच नाही, इतकी वाळली होती. आई गाडी नीट थांबायच्या आत दार उघडायला लागली.

दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या. मावशीनं आधी आईच्या गुडघ्याकडे पाहिलं.

"चालता येतंय का तुला?"

"येतंय की. तुला दम लागतो का गं?"

"लागतो."

मग मावशीनं आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं. मी आणि शोभा काहीतरी कारण काढून आत गेलो आणि खिचडी सांगितली. ऑपरेशन दुसऱ्या दिवशी असल्यामुळे मावशीला थोडं खायची परवानगी होती. पिवळीधमक मऊ खिचडी, वर कढी. मावशीनं चार घास खाल्ले आणि चारही आईच्या ताटातले. उरलेला रस्ता दोघी एकाच गाडीत मागे बसून गेल्या. मी एकटीच त्यांच्या मागून गाडी चालवत होते. मागच्या काचेतून दोन पांढरी डोकी जवळजवळ दिसत होती.

ऑपरेशन नीट झालं. संध्याकाळी डॉक्टर बाहेर येऊन तसं म्हणाले, तेव्हा आई भिंतीला टेकून खाली बसली आणि "झालं बाई" एवढंच म्हणाली. पाचव्या दिवशी मावशी वॉर्डात चालायला लागली. मग आम्ही निघालो. पुसेगाव काही पाहायला मिळालं नाही. आईला त्याचं वाईट वाटलेलं दिसलं नाही.

साताऱ्यात आल्यावर फाटकं टायर बदलायला नेलं. दुकानदारानं भोकं मोजली आणि विचारलं, "एवढे खिळे कुठं लागले?" मी सगळं सांगितलं. पाना हातात धरून तो शेवटपर्यंत ऐकत राहिला.

"स्वतःहून म्हणाला? माझे खिळे म्हणून?"

"हो."

त्यानं मान हलवली आणि नवं टायर चढवायला घेतलं. पोतं कुणाचंही फाटतं, माझंही फाटेल. फाटल्यावर मागे वळून वाकत चालत जायचं एवढं साधं आहे ते, पण मी ते करीन का, हे तिथे उभं राहून मला खात्रीनं सांगता येईना.

बाहेर आई टायरांच्या ढिगाशेजारी स्टुलावर बसून फोनवर बोलत होती. पलीकडे मावशी होती. तिनं जिना चढायचा हट्ट केला होता आणि आई तिला मोठ्या आवाजात रागवत होती. रस्त्यावरचे लोक वळून बघत होते. गाडी तयार झाली होती, तरी तिचं बोलून होईपर्यंत मी दुकानातच थांबले.