चोंडम्माची आखूड बंदूक

चोंडम्मा लग्न होऊन या गावात आली तेव्हा तिच्यासोबत तांब्याची भांडी, एक गाभण गाय आणि एक आखूड बंदूक आली. भांडी आणि गाय तर कोडगूतल्या बहुतेक सुना आणायच्या. बंदूक पाहून मात्र सासरच्या बायका तोंडाला हात लावून हसल्या, आणि एका चुलत सासऱ्याने सरळ विचारलं, "सून आणलीय की पहारेकरी?" त्याच वर्षी हत्यारांच्या सणाला चोंडम्माने झाडाच्या शेंड्यावरचा नारळ पहिल्या बारात फोडला. त्यानंतर तोच सासरा मरेपर्यंत 'आमची सून, आमची सून' करत गावभर मिरवत होता.

बंदूक एकनळी, वीस बोअरची. बारा बोअरपेक्षा नळी बारीक, वजन कमी, धक्काही कमी. चोंडम्माच्या वडिलांनी ती खास मुलीसाठी घेतली आणि सुताराकडून तिचा लाकडी दस्ता कापून घेतला. कापलेला तुकडा फेकला नाही, त्याच्या तीन चकत्या करून ठेवल्या. पोरीचे हात लांब होतील तशी एकेक चकती स्क्रूंनी मागे जोडत जायची. चोंडम्माला स्वतःला मूल झालं नाही. पण त्या चकत्या इतक्या पोरांसाठी काढल्या-घातल्या गेल्या की स्क्रूंची भोकं बुजवून नवी पाडावी लागली. नवरा गेल्यावर कॉफीचा मळा तिने एकटीने सांभाळला, मिरीचे वेल चढवले, मजुरांशी भांडली आणि त्यांच्या बाळंतपणात रात्री जागलीही. तरी गावाला ती ठाऊक होती ती या बंदुकीमुळे. घरातलं पोर बंदूक धरायच्या वयाचं झालं की आईबाप तिच्या अंगणात येऊन बसत.

बंदूक पोराच्या मापाची आहे का ते तपासायची तिची रीत साधी होती. पोराच्या हातात रिकामी बंदूक द्यायची, समोर धरायला सांगायची, आणि शाळेच्या गप्पा काढायच्या. मास्तर मारतात का, डब्यात काय नेतोस. पोर बोलत राही आणि नळी हळूहळू खाली येऊ लागे. नळी उतरली की गप्पा संपल्या, ती बंदूक बाद. मग दस्त्याचं टोक कोपराच्या आत टेकवून बोट चापापर्यंत पोचतं का ते बघायची. बोट ताणावं लागलं तर तीही बाद. आईबाप हिरमुसले तरी ही बाई एका शब्दाने माघार घेत नसे, आणि मला विचाराल तर तिचं खरं मोठेपण इथेच होतं. मुलांच्या बाबतीत तिला कुणाची भीड पडत नव्हती.

एका मे महिन्यात उत्तय्या जीप घेऊन तिच्या दारात आला. मिशा पिळलेल्या, आवाज दांडगा. जीपमध्ये शेजारी त्याची पुतणी देचू, तेरा वर्षांची, होस्टेलमधून सुट्टीला आलेली, ओठ घट्ट मिटून. तिचा बाप माचय्या, म्हणजे उत्तय्याचा धाकटा भाऊ, दोन वर्षांपूर्वी तापाने गेला. तो होता तोवर सणाचा नारळ दरवर्षी त्या घरातच यायचा. त्याच्या हातातली आजोबांच्या वेळची जड दुनळी बंदूक आता उत्तय्याने मांडीवर आडवी धरली होती.

"अक्का, हिला नुसतं उभं कसं राहायचं ते दाखव," उत्तय्या म्हणाला. "बंदूक ठरलेली आहे. यंदा सणाला माचय्याची मुलगी माचय्याच्या बंदुकीने बार काढणार. सगळ्या घराने ठरवलंय."

"सगळं ठरलंय तर मला कशाला मधे घेता?" चोंडम्मा म्हणाली. "ये गं पोरी. धर बघू ती समोर. होस्टेलात जेवण कसलं देतात?"

देचू सांगू लागली. आमटीत पाणी किती, भात कच्चा कसा, हे सांगता सांगता नळी आधी फणसाच्या झाडावर होती ती कुंपणावर आली, आणि कुंपणावरून कोंबड्यांवर.

"कोंबडी मारायचीय का?" चोंडम्माने विचारलं.

"सवय होईल," उत्तय्या म्हणाला. "मी हीच बंदूक अकराव्या वर्षी उचलली. आमच्या घरात थोरल्याची पहिली गोळी हिच्यातूनच सुटते."

ही गोष्ट गावाला तोंडपाठ होती. त्या घरात थोरल्या मुलाला पहिल्याच दिवशी आजोबांची दुनळी देत, पोराचं अंग केवढं आणि बंदूक केवढी हे न बघता. लहान बंदूक दिली तर घराण्याचा मान जातो म्हणे. आणि गावाला हेही ठाऊक होतं की उत्तय्याने आजवर एकही नारळ फोडला नव्हता. दरवर्षी ऐन वेळी वारा सुटे. कुणी त्याला काही बोलत नसे, कारण माणूस मनाचा चांगला होता आणि त्याच्या घरचं डुकराचं कालवण अख्ख्या गावात वरचढ होतं.

चोंडम्माने आतून आपली आखूड बंदूक आणली. देचूने तिच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतले.

"ही लहान मुलांची आहे. मला अप्पांचीच हवी," ती म्हणाली. "अप्पांची बंदूक माझ्या हातून नाही सुटली तर... मग ती कुणाची राहणार?"

यावर चोंडम्माने वाद घातला नाही. बाप गेलेल्या पोरीशी मापाबद्दल काय वाद घालायचा? तिने दुनळीत एक काडतूस भरलं, देचूच्या मागे उभी राहिली, पाठीला आपला तळवा लावला आणि म्हणाली, "काढ बार. त्या बांधावर."

बार झाला. चोंडम्माने धरली नसती तर पोरगी मागे बसली असती. "काही नाही झालं," देचू म्हणाली, पण डोळ्यांत पाणी उभं होतं आणि डावा हात आपोआप उजव्या खांद्यावर गेला होता.

"पुन्हा," म्हणून चोंडम्माने पाठ वळवून बंदूक भरून दिली. या वेळी काडतूस उडालेलं, रिकामं होतं. देचूला ते माहीत नव्हतं. तिने चाप ओढला. नुसतं टक् झालं, धक्का बसलाच नाही, तरी नळीने खाली हिसका खाल्ला आणि पोरीचे दोन्ही डोळे गच्च मिटले.

"माझे डोळे मिटले?" तिने विचारलं.

"मिटले. तू नाही मिटलेस, खांद्याने मिटवले. एकदा तो घाबरायला शिकला की मग जन्मभर विसरत नाही. आज एकच बार झालाय, अजून वेळ गेलेली नाही."

हे बोलताना चोंडम्माने उत्तय्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. कोंबड्या हाकलल्या, कुंपण पाहिलं, आभाळ पाहिलं. त्याच्या वाऱ्याचं खरं कारण तिला फार वर्षांपासून ठाऊक होतं, आणि ते तिने कधी नवऱ्याजवळसुद्धा काढलं नव्हतं.

पण देचू बापाच्या वळणावर गेलेली, हट्टी. ती काकाकडे वळली. "मोठे अप्पा, तुम्हीच सांगा ना अज्जीला. तुम्ही तर अकराव्या वर्षी हीच घेतली होती. तुम्हाला काही झालं का?"

उत्तय्याचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"ऊन चढलंय," चोंडम्मा घाईने म्हणाली. "चला, कॉफी टाकते."

"थांब, अक्का." उत्तय्या जीपमधून उतरला. "देचू, तुझ्या हाताने भर. खरं काडतूस भर नाहीतर ते रिकामं, मला सांगू नकोस."

देचूने बंदूक भरून दिली. त्याने ती खांद्याला लावली. उभं राहणं असं की चित्र काढून घ्यावं. चाप ओढला, टक् झालं. नळी वीतभर खाली गेली, आणि त्या दांडग्या, मिशाळ माणसाचे डोळे सुईला घाबरणाऱ्या पोरासारखे मिटलेले होते.

ते उघडायला त्याने थोडा वेळ घेतला.

"वाराबिरा काही नसतो," तो देचूला म्हणाला. "मी अकराव्या वर्षापासून डोळे मिटून बार काढतोय. पहिल्याच दिवशी हिने मला आडवा पाडला. रडलो तर आजोबा म्हणाले, थोरला रडत नाही. तुझा अप्पा दुसरा. त्याला मानाची बंदूक कोण देणार? त्याला इथे पाठवलं, या आखूड बंदुकीवर. मी तेव्हा त्याला हसलो होतो."

देचूने चोंडम्माकडे पाहिलं. "अप्पा हिच्यावर शिकले?"

"तिन्ही चकत्या लागेपर्यंत. दुनळीला त्याने हात लावला तो मिसरूड फुटल्यावर."

घरात हे देचूला कुणी कधी सांगितलं नव्हतं. तिने आखूड बंदूक घेतली, न सांगता दस्ता कोपराशी टेकवला. बोट चापावर बरोबर पोचलं. चोंडम्माने मास्तरांच्या, मैत्रिणींच्या, आमटीच्या गप्पा काढल्या. नळी फणसावरून हलली नाही.

पावसात भाताची लावणी सुरू झाली, रीतीप्रमाणे हत्यारं देवाच्या खोलीत गेली, आणि सणाला बाहेर आली. दिव्यासमोर दुनळी मांडली, तिच्या शेजारी आखूड बंदूक, आणि दोघींच्या नळीत कळलावीचं फूल. पोटभर कडंबुट्टूचे वाफवलेले तांदळाचे गोळे आणि कालवण झाल्यावर सगळा गाव नारळ बांधलेल्या झाडाखाली जमला. देचूचा पहिला बार चुकला. तिने वळून चोंडम्माकडे पाहिलं. म्हातारीने स्वतःच्या डोळ्यांवर बोट ठेवून मान डोलावली: उघडे होते. दुसऱ्या बाराला नारळाचं पाणी उडालं.

मग थोरला म्हणून उत्तय्याचं नाव पुकारलं. काहींनी झाडांचे शेंडे हलतात का ते पाहिलं. उत्तय्या रिकाम्या हाताने पुढे आला आणि चोंडम्मासमोर उभा राहिला.

"अक्का, त्या तिन्ही चकत्या लावल्या तर मला पुरेल का गं?"

चोंडम्माने पिशवीत हात घालून चकत्या काढल्या. त्या ती सकाळीच बरोबर घेऊन आली होती. देचू खाली बसून स्क्रू पिळू लागली.

"घट्ट बसव," चोंडम्मा म्हणाली. "भारी खांदा आहे."

कुणी हसलं नाही. उत्तय्याने आखूड बंदूक उचलली, बराच वेळ नेम धरला आणि चाप ओढला. नारळ जागच्या जागी राहिला. पण उत्तय्या झाडाच्या शेंड्याकडे बघतच उभा होता, तोंड उघडं टाकून.

"डावीकडून गेला," तो म्हणाला. "देचू, मला दिसला गं. डावीकडून गेला."