खिडकीतलं जेल

पीएचडीच्या तिसऱ्या वर्षी पनवेलच्या आमच्या घरी मला बघायला पाहुणे आले. आई कौतुकाने म्हणाली, "ही जेलवर संशोधन करते." मुलाच्या वडिलांनी विचारलं, "कुठल्या? तळोजाच्या?"

मी खिडकीत ठेवलेली काचेची कुपी आणली. "काका, हे जेल! यातले पिवळे रेणू आपणहून एकमेकांवर रचले जातात, त्यांचे बारीक धागे होतात आणि त्या जाळ्यात द्रव अडकतो. कुपी उलटी केली तरी सांडत नाही." असं म्हणत मी ती उलटी केली. सकाळपासून ती उन्हात होती, हे माझ्या लक्षातच नव्हतं. उन्हाने जेल वितळलं होतं. पिवळं पाणी थेट काकांच्या रिकाम्या बशीत पडलं.

आईने डोळे मिटले. मी म्हटलं, "गार झालं की परत जमेल."

मुलगा घड्याळ बघत राहिला. काका मात्र बशी पंख्याखाली धरून बसले. पंधरा मिनिटांनी त्यांनी ती स्वतःच्याच डोक्यावर उलटी केली. एक थेंबही पडला नाही.

मुलाचा नकार आला. काकांचा मात्र दुसऱ्याच दिवशी फोन आला, "पोरी, फ्रिजमध्ये ठेवलं तर काय होईल गं?"