तीन ग्रिपांची बॅट

माझ्या नवऱ्याला जगातल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं टेनिस बॉल क्रिकेटमध्ये सापडतात. त्यामुळे आमच्या सातवीतल्या लेकीने शाळेत सॉफ्टबॉल घेतलं, तेव्हा त्याने ते गोल बॅटचं क्रिकेट म्हणून मोठ्या मनाने स्वीकारलं. "बॅट आहे, बॉल आहे, मारायचं आणि पळायचं. वेगळं काय त्यात?" मीही मान डोलावली, कारण मला त्यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

लेक मात्र त्या खेळात आकंठ बुडाली. कोपर स्टेशनजवळच्या आमच्या दोन खोल्यांत ती मोज्यांच्या गुंडाळ्या हवेत उडवून झेलायची आणि रात्री ग्लोव्ह उशीजवळ घेऊन झोपायची. सरावाला खरा बॉल आला आणि सगळं बिनसलं. नावात कितीही मऊपणा असला तरी तो बॉल चांगलाच टणक असतो. बॅटवर बसला की तिच्या हातांना असा झणका बसायचा की कोपरापर्यंत झिणझिण्या. घरी आली की आधी बेसिनचा नळ सोडून त्याखाली हात धरून उभी राहायची. सरांनी तिला नीट सांगितलं होतं, की बॉल बॅटच्या टोकाला किंवा हाताजवळ लागला की झणका बसतो, जाड भागावर लागला तर बसत नाही. पण झणक्याच्या धास्तीने ती बॉल आला की डोळेच मिटायची आणि बॅट अर्ध्यावर अडवायची. डोळे मिटून जाड भागावर बॉल कसा लागणार?

पुढच्या रविवारी ठाण्याला जिल्ह्याच्या संघाची निवड होती. जेवताना ती ताटाकडे बघत म्हणाली, "आई, मी ट्रायलला नाही जात. सॉफ्टबॉलच सोडते. बॅटिंग आली की आता झणका बसणार, एवढंच डोक्यात येतं."

गणित सोडते म्हणाली असती तर मी समजू शकले असते.

नवरा मात्र पेटून उठला. आमच्याकडे कॉलनीच्या टूर्नामेंटमध्ये बॅटला एकावर एक दोन रबरी ग्रिप चढवायची पद्धत आहे, हाताला लागू नये म्हणून. लेकीच्या प्रेमापोटी याने तीन चढवल्या. मी तरी मागे कशाला राहू? मी वरून सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, चांगली ओढून ओढून. झालं असं की बॅटची मूठ लाटण्यापेक्षा जाड झाली. "आता घट्ट धर," नवऱ्याने फर्मावलं. "मूठ आवळ. बॅट हलता कामा नये."

दुसऱ्या दिवशी ती सरावाहून आली ती लालबुंद तळवे घेऊनच. त्या मुठीभोवती तिची बोटं पुरतच नव्हती, मग ती सगळा जोर लावून बॅट तळव्यात दाबत होती. तिने बॅट चपलांच्या स्टँडमागे भिरकावली आणि ग्लोव्ह कपाटात टाकला. उशीजवळची ती रिकामी जागा बघून मला रडूच आलं.

आता माझ्याबद्दल थोडं. मी गेली कित्येक वर्षं ढोल-पथकात ढोल वाजवते. पाडव्याच्या शोभायात्रेसाठी आमचा सराव सुरू झाला होता. शनिवारी संध्याकाळी लेक घरात तोंड पाडून बसली होती, म्हणून तिलाही बरोबर नेलं. पथकात नव्या मुली आल्या होत्या. त्यांतली एक टिपरू, म्हणजे ढोल वाजवायची काठी, जीव खाऊन आवळून वाजवत होती आणि दर ठोक्याला हात झटकत होती. मी नेहमीप्रमाणे ओरडले, "अगं, आवळतेस काय त्याला! बोटांत राहू दे, मुठीत नको. सैल धर, म्हणजे हाताला..."

आणि मी तिथेच थांबले. दरवर्षी लोकांच्या मुलींना हेच सांगून घसा बसतो माझा आणि घरी मी ट्यूब आवळत बसले होते! आधी स्वतःचा संताप आला, मग असं हसू फुटलं की ताशावाल्याचाही ताल चुकला.

"इकडे ये गं," मी लेकीला हाक मारली आणि तिच्या हातात टिपरू दिलं. "आधी बाबा सांगतो तसं धर. आता मार."

तिने मारलं. "आई गं! अगदी बॅटसारखंच होतंय."

"आता नुसतं बोटांत धर. पडणार नाही इतपतच. आणि कडेला नको, मध्ये बघून मार."

ढोल घुमला. तिने स्वतःचा हात बघितला, मग माझ्याकडे बघितलं, मग परत मारलं. नंतर ती टिपरू परत द्यायलाच तयार होईना.

घरी गेल्यागेल्या मी सुरी घेतली. "तिन्ही काढतेस?" नवरा कळवळला. "एक तरी ठेव गं."

"एकही नाही."

पण एक मान्य करायलाच हवं, बॉल टाकायला माझ्या नवऱ्याइतका चिवट माणूस मिळणार नाही. त्याच रात्री बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये त्याने मोज्यांच्या गुंडाळ्या टाकल्या, मग प्लॅस्टिकचा बॉल, आणि शेवटी खरा, अगदी हळू, वर कॉमेंट्री चालूच. ती बॅट बोटांत सैल धरून उभी राहायची. अधूनमधून झणका बसायचाच, पण आता ती हात झटकून म्हणायची, "कडेला लागला." डोळे उघडे असल्याशिवाय हे कळत नाही.

रविवारी सकाळी ठाण्यात बाळकुमजवळच्या मैदानावर चक्क थंडी होती. गार पडलेली धातूची बॅट हाताला जास्त लागते, म्हणून लेकीने ती माझ्या शालीत गुंडाळून आणली होती. तिची पाळी आली. पहिला बॉल हुकला. दुसरा टोकाला लागला आणि तिचे खांदे आक्रसलेले मला लांबूनही दिसले. आता डोळे मिटणार, संपलं, असं मला वाटलं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी हात वर करून बोटं सैल सोडून दाखवली.

तिसरा बॉल. ठण्ण! बॉल सगळ्यांच्या डोक्यावरून पार कुंपणाकडे गेला. आणि आमची बाई जागच्या जागी उभी! झणक्याची वाट बघत स्वतःच्या हातांकडे टक लावून.

"पळ!" नवरा किंचाळला. ती पळाली, पण क्रिकेटसारखी बॅट हातात घेऊनच. "बॅट टाक! अगं, टाक ती!" सगळं मैदान ओरडत होतं. पहिल्या बेसवर पोचली तेव्हाही बॅट तिच्या कवेत होती आणि ती उड्या मारत होती.

दुपारी निवड झालेल्यांची नावं वाचली, त्यात तिचं अगदी शेवटी शेवटी आलं. मी रडले, नवरा शेजारच्या अनोळखी बापाला मिठी मारून मोकळा झाला. रिक्षात बसताना त्याने बॅट घ्यायला हात पुढे केला.

"राहू दे बाबा," ती म्हणाली. "मीच धरते."

"बरं, घट्ट धर हं."

"सैल!" आम्ही दोघी एकदमच ओरडलो.