नवाबाची शुगर

नवाबाचे मागचे दोन पाय गेले तेव्हा भैयाजींच्या हातात चिरायत्याच्या काढ्याची वाटी होती. नवाब आधी अडखळला, मग फरशीवर पोतेऱ्यासारखा पसरला. तोंडातून लाळ गळू लागली.

"आपा! ओ आपा! हे काय करून राह्यलं पाहा ना!" भैयाजी ओरडले.

आपा म्हणजे शेजारच्या जैनबआपा. त्या चंद्रपूरहून नवाबाचंच औषध घेऊन नुकत्याच दारात पोचल्या होत्या. पिशवी टाकून त्यांनी मधात कापूस बुडवला आणि नवाबाच्या हिरड्यांवर फिरवला. पाचेक मिनिटांनी नवाबाने मान उचलली, तेव्हा आपांनी त्याच्यापुढे खिमा ठेवला आणि मग मोर्चा भैयाजींकडे वळवला.

"सकाळपासून काय खाऊ घातलं?"

"काहीच नाई!" भैयाजींच्या स्वरात अभिमान होता. "कडकडीत उपास. वरतून अंगणात दोरी बांधून वीस चकरा. काढा तेवढा राह्यला होता. शुगरवाल्याले हेच लागते, आपा. सात वर्षं झाली, मी हेच करून राह्यलो."

आपांनी कपाळावर हात मारून घेतला. "वाढत नाई त्याची, कमी होते!"

आता यात भैयाजींची तरी काय चूक? बल्लारपुरात शुगर म्हणजे वाढलेलीच. अमक्याला शुगर आहे म्हटलं की त्याचा चहा फिका होतो आणि लग्नात त्याच्या पानावरून जिलेबी उचलली जाते. कमी झालेली शुगर कोणी ऐकलीय? सकाळी बस गाठायच्या घाईत आपा एवढंच म्हणाल्या होत्या, "भैयाजी, नवाबाले शुगर आहे. खिमा ठेवला आहे. ध्यान ठेवजा." भैयाजींनी ध्यान ठेवलं, आणि खिमा फडताळात.

नवाब हा फेरेट. मुंगसाएवढा लांबुळका, दुधाळ रंगाचा, दिवसाचे अठरा तास झोपणारा आणि उरलेल्या सहांत आपांच्या बॉबिनी पळवून ट्रंकेमागे लपवणारा. आपांच्या भाच्याने, अल्ताफने, तो मुंबईहून हौसेनं आणला आणि पुढच्याच वर्षी नोकरीसाठी सौदीला जाताना "खाला, मी येईपर्यंत सांभाळ" म्हणून आपांच्या ओटीत टाकला. जंगलखात्याचा पत्रू गार्ड त्याला पाहायला दोनदा आला. "आपल्या जंगलातलं नोहे," असा निकाल देऊन, चहा पिऊन गेला.

नवरा, बशीरमियां, गेल्यावर त्यांचं शिवणयंत्र आपांनीच चालवलं होतं. तोंडात टाचण्या धरून त्या अख्ख्या गल्लीशी भांडू शकत. तरी या सहा वर्षांच्या म्हाताऱ्या जनावरानं त्यांना गेले आठ महिने घरात डांबून ठेवलं होतं. दर तीन-चार तासांनी खिमा, दोन वेळा गोळी. अल्ताफ पुढच्या महिन्यात सुट्टीवर यायचा होता. तोवर नवाब टिकला पाहिजे, एवढीच आपांची जिद्द.

दुसऱ्या दिवशी भैयाजी प्रायश्चित्त म्हणून पावशेर बालुशाही घेऊन आले. "कमी आहे ना? मंग भरू ना आपण!"

आपा म्हणाल्या, "दूर ठेवा ते."

"अर्धी तरी?"

आपा ब्लाऊजच्या मापात गुंतल्या आणि तेवढ्यात अर्धी गेलीच. नवाब तासभर पोरासारखा उड्या मारत होता. भैयाजी मिशीला पीळ देत होते. मग नवाब कालच्यापेक्षा वाईट कोसळला.

पुन्हा कापूस, मध आणि मागून खिमा. या वेळी आपा तोंडातल्या टाचण्या काढून बोलल्या, म्हणजे मामला गंभीर होता.

"गुरांच्या डॉक्टरनं काय सांगितलं, मालूम आहे? गोड म्हणजे कागदाची आग. भसकन पेटते न् विझते, वरतून होतं तेही घेऊन जाते. खिमा म्हणजे कोळसा. कोळसा टाकत राहा. मध फक्त पडला तर, न् मधावर लगेच खिमा. कागद मिलच्या न् कोळसा खाणींच्या या बल्लारपुरात जिंदगी काढली तुमी, कागद न् कोळसा नाई समजत?"

कागद आणि कोळसा म्हटल्यावर भैयाजींना लख्ख समजलं. आजवर कोणी शुगर अशी सांगितलीच नव्हती. रेल्वेतून बुकिंग क्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. त्यांनी पुठ्ठ्यावर लाल शाईनं वेळापत्रक आखलं. सात, दहा, एक, चार. खाली सूचना: 'बालुशाही बंद.' तीन दिवस ते घड्याळाच्या ठोक्याला वाटी घेऊन हजर राहिले. आपा शिवता शिवता तिरप्या डोळ्यानं पाहत होत्या.

रविवारी गोंडपिपरीला आपांच्या पुतणीचा, इकराचा निकाह होता. आपांनीच तिचा नवरीचा पोशाख शिवलेला. नवाबाला न्यावं तर बसचा उकाडा आणि धक्के, वर लग्नाचा गोंगाट. न जावं तर पोरगी जन्मभर ऐकवणार. शनिवारी त्या तीनदा 'नाई जात' म्हणाल्या आणि तीनदा बॅग भरली.

रविवारी सकाळी त्यांनी गोळ्या, मध, कापूस आणि खिम्याचा डबा भैयाजींच्या ओट्यावर मांडला. शेवटी नवाबाची टोपली ठेवली.

"बोला, पडला तर?"

"मध हिरडीले. पाजाचा नाई. मंग खिमा."

"चकरा?"

"नाई."

"काढा?"

"आपा, मी काय इतका..."

"काढा?"

"नाई."

आपांनी नवाबाच्या डोक्यावर बोट फिरवलं, ओढणी सावरली आणि निघाल्या. भैयाजींनी टोपली जवळ ओढली. दोनदा जनावर मरता मरता वाचलेलं, आणि तरी ही बाई स्वतःचा जीव आपल्या ओट्यावर ठेवून चालली.

"आपा," ते फाटकापर्यंत मागे गेले, "इतकं होऊनबी माझ्यावर एवढा भरोसा?"

आपा वळल्या.

"भरोसा नाई, भैयाजी, दुसरं कोणी नाई."