माझं ताऱ्याचं मॉडेल

‘तू चहाचं बघ. बोलेल तो.’

सरांनी माझ्या हातातल्या, प्रोजेक्टरवर दाखवायच्या ट्रान्सपरन्सी काढून घेतल्या आणि वर्गातल्या एका मुलाला दिल्या. नगरच्या कॉलेजात मी एम.एस्सी. फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला होते. त्या दिवशी सेमिनार होता, पुण्याहून पाहुणे आले होते.

‘सर, काम माझं आहे.’

‘असेल. पण तू “वर्नपट” म्हणतेस. ण येत नाही तुला. आणि थिअरी म्हणजे डोक्याचं काम. तुमच्या लोकांनी हाताचं काहीतरी घ्यावं.’

वर्ग हसला.

तुमच्या लोकांनी! आम्ही मिरजगावचे बौद्ध. आई लोकांच्या रानात खुरपायची. हाताचं काम आम्ही पिढ्यान् पिढ्या केलं. कुणी विचारून दिलं नव्हतं.

ताऱ्याला जमीन नसते. नुसते वायूचे थर. कुठल्या थरातून किती प्रकाश बाहेर पडतो, ते मी समीकरणांत मांडलं होतं. डिपार्टमेंटला एकच कॉम्प्युटर. माझी पाळी सगळ्यांत शेवटी. प्रोग्राम फसायचा, मी परत लिहायची. शेवटी माझ्या मॉडेलचा वर्णपट खऱ्या ताऱ्याशी जुळला. त्या दिवशी मी एकटीच जिना उतरत हसले होते.

आणि आता मी ट्रे घेऊन उभी. तो मुलगा म्हणाला, ‘हे मॉडेल मी केलं.’

‘मी’ म्हणे!

मी ट्रे टेबलावर आदळला. कप कलंडले.

‘खोटं बोलतोय. मॉडेल माझं आहे. मी बोलणार.’

‘बाहेर हो!’ सर ओरडले. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. पाहुणे बशीतला सांडलेला चहा बघत बसले.

मी खडू उचलला. फळ्यावर थर काढले. ‘खालून येणारा प्रकाश वरचे थर शोषून घेतात. म्हणून वर्नपटात काळ्या रेघा दिसतात.’ वर्नपटच म्हणाले. मुद्दाम. अर्धे लोक उठून गेले. मी शेवटच्या समीकरणापर्यंत बोलले.

प्रोजेक्टला काठावर पास केलं मला. सर म्हणाले, ‘शिफारसपत्र विसर.’

गावी जाऊन आईला सगळं सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, ‘मंग चा कुनी दिला त्यास्नी?’

‘कुनीच न्हाई.’

‘ब्येस केलं.’

शिफारसपत्राशिवाय मी पीएच.डी.च्या प्रवेशपरीक्षेला बसले. थिअरीच घेतली. तेव्हापासून माझ्या कामावर दुसऱ्याचं नाव लागू दिलं नाही. लागू देणारही नाही. माझ्या भाषेत बोलेन, माझ्या तोंडानं बोलेन. ज्याला ऐकवत नाही, त्यानं उठून जावं.